सावली कुणावर टाकायची

मी घरांचे नकाशे काढते. सव्वीस वर्षं काढतेय. ऑफिसात मला 'उन्हाची बाई' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पार्टिशनच्या पलीकडे म्हणतात, पण पार्टिशन प्लायवुडचं आहे. सोसायटी बांधायची तर इमारत कुठल्या अंगाला वळवावी, सकाळचं ऊन घरात कसं घ्यावं, पश्चिमेचं कसं अडवावं, छज्जा किती बाहेर काढला म्हणजे मे महिन्यातलं ऊन बाहेर राहील आणि जानेवारीतलं आत येईल, हे सगळं मला विचारतात. माझं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि मग वास्तुवाले सांगतील तसं करतात. पण आधी मला विचारतात, हे कबूल केलं पाहिजे.

घर बघायला येणाऱ्या माणसाला ऊन नको असतं, पूर्व हवी असते. दार पूर्वेला आहे ना, एवढंच विचारतो. असतं. दार पूर्वेला, दारासमोर लिफ्ट, आणि लिफ्टपाशी चोवीस तास ट्यूबलाइट. सूर्याचा आणि त्या दाराचा जन्मात संबंध येत नाही, पण माणूस समाधानाने चावी घेतो आणि दारावर तोरण बांधतो. हिंजवडीला तर मी एक सबंध वसाहत अशी बसवली की दहा ते चार प्रत्येक बैठकीच्या खोलीत छान ऊन. दहा ते चार तिथे कुणीही नसतं. माणसं कंपनीत आणि सोफे उन्हात. मांजरी गावात उसाच्या शेताशेजारी एक योजना करत होतो, तिथे मी बांधावर उभं राहून दिशा लावत होते, तर शेतमालक म्हणाले, "म्याडम, ऊन उसाला लागतं. मान्साला कशाला? पंखा हाय की."

आमच्या ऑफिसची एक पद्धत आहे. नकाशांसोबत इमारतीच्या सावलीचं एक चित्र जोडायचं. ते आम्ही एकवीस मार्चला दुपारी बारा वाजताचं काढतो. का, ते कुणाला माहीत नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही तसंच होतं. माझ्या मते कारण एवढंच, की मार्चमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली आखूड पडते आणि चित्र गोजिरं दिसतं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्याच इमारतीची सावली उत्तरेकडे अडीच पट लांब जाते. ती कागदात मावत नाही. त्यामुळे आमच्या ऑफिसात बारा महिने मार्च असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोजच्या कामात माणूस माहीत असलेल्या गोष्टी वापरतोच असं नाही, एवढंच.

माझे आईबाबा मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला राहतात. तीन मजली जुनी सोसायटी, बारा बिऱ्हाडं. मधोमध जिना, सहा घरं जिन्याच्या पूर्वेला, सहा पश्चिमेला, आणि सगळ्यांच्या गॅलऱ्या दक्षिणेला. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून सुरुवातीला ती घरं कुणी घेईना. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी पहिलं घर घेतलं आणि मग शाळेतला पृथ्वीचा गोल आणून एकेकाला पटवलं, की अहो, हिवाळ्यात दिवसभर ऊन देणारी हीच एक दिशा आहे, बाकी सगळा मूर्खपणा आहे. 'मूर्खपणा' हा त्यांचा वास्तुशास्त्रासाठीचा शब्द. त्यातल्या 'शास्त्र' या भागाला तर त्यांचा फार आक्षेप. त्यांचं ऐकून जे आले त्यांत पोस्टातले काका होते. बाबांच्याच मजल्यावर, जिन्याच्या पश्चिमेला. आता एकटेच असतात. हिवाळ्यात गॅलरीत आरसा टांगून उन्हात दाढी करतात, मग तिथेच पेपर वाचतात आणि तो वाचून झाला की बाबांचा मागून नेतात, कारण दोघांचे पेपर वेगळे.

आईला संधिवात आहे. थंडी पडली की सकाळी तिच्या हाताची बोटं मिटलेली असतात. कप धरवत नाही, पदराची पिन लावता येत नाही. बाबा तिला दहा वाजता गॅलरीत खुर्चीवर बसवतात, हात उन्हात ठेवायला मांडीवर उशी देतात. दोन तास लागतात. बाराच्या सुमाराला बोटं एकेक करून उघडतात आणि मग ती स्वतःची वेणी स्वतः घालते. डॉक्टर, मेणाचा शेक, गरम पाण्याची पिशवी, सगळं करून झालंय. बाई लावून झाली. बाईने घातलेली वेणी आईने दुसऱ्या मिनिटाला सोडायला लावली. "दुसऱ्याने विंचरलं की डोकं दुसऱ्याचं वाटतं," म्हणाली. हिवाळ्याचे तीन महिने त्या दोन तासांवर तिचा उरलेला दिवस चालतो. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यांच्या सोसायटीच्या दक्षिणेला एका व्यापाऱ्याचं गोडाऊन होतं. ते विकलं गेलं, तिथे बावीस मजली इमारत करायचं ठरलं आणि काम आलं आमच्याच ऑफिसात. मी आमच्या सरांना सांगितलं, "शेजारी माझे आईवडील राहतात." सर म्हणाले, "वा! साइटवर गेल्यावर चहाची सोय झाली."

तो नकाशा मी फार मन लावून काढला. एवढी वर्षं जे पटवून पटवून घसा सुकला ते पहिल्यांदाच सगळं जमून येत होतं. इमारत पूर्व-पश्चिम लांब, प्रत्येक घराची मोठी खिडकी दक्षिणेला, पश्चिमेच्या टोकाला जिने आणि पाण्याच्या टाक्या. नव्वदच्या आसपास घरं आणि एकही अंधारं नाही. सावलीचं चित्र पद्धतीप्रमाणे काढलं. सावली आईबाबांच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी येऊन थांबली. मी घरी जाऊन सांगितलं, "काळजी करू नका, मी स्वतः बघितलंय, तुमच्या गॅलरीला काही होत नाही." बाबांनी विचारलं, "कधीची सावली?" मी म्हटलं, "बाबा, हे माझं रोजचं काम आहे." असं म्हणाले मी. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

गोडाऊनच्या भिंतीवर बिल्डरने इमारतीचं रंगीत चित्र लावलं. महिनाभरात बाबांनी माझ्या हातात एक बंद पाकीट ठेवलं. वर आमच्या ऑफिसचा पत्ता. म्हणाले, "तुझ्यासाठी नाही, ऑफिससाठी आहे. तू फक्त पोच घेऊन ये." मी म्हटलं, अहो, मला सांगा ना काय ते. तर म्हणाले, "तुला सांगून झालंय." आई आतून ओरडली, "यांना रिटायर करायचं शाळा विसरलीय वाटतं!"

सरांनी पत्र माझ्यासमोरच उघडलं. 'महोदय, आपल्या इमारतीच्या फलकावर सूर्यप्रकाश उत्तरेच्या बाजूस पडलेला दाखविला आहे. पुण्यात हे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच घडते. उरलेल्या वर्षात सूर्य कोठे असतो हे सोबतच्या आकृतीत दाखविले आहे. आपल्याकडील तज्ज्ञांच्या शालेय शिक्षणात हा भाग राहून गेला असल्यास त्यांस दोष देता येणार नाही.' माझा भूगोल दहावीपर्यंत बाबांनीच घेतला होता. खाली आकृती होती. पट्टीने आखलेली, कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजलेली, बावीस मजल्यांची सावली डिसेंबरात बाराच्या बारा गॅलऱ्या झाकून पलीकडच्या गल्लीत उतरलेली. त्याखाली सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या. पहिली सही पोस्टातल्या काकांची, मग बाबांची.

मला राग आला. आधी बाबांचा आला, की चारचौघांत लेकीचं हसं केलंत. मग मी जागेवर येऊन संगणकावर एकवीस मार्चच्या जागी एकवीस डिसेंबर टाकलं. त्याला दोन सेकंद लागले. सावली भिंत ओलांडून गेली, तीन मजले चढून गच्चीवरून पलीकडे गेली. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत त्या गॅलऱ्यांत दहा ते दोन ऊन नव्हतं. बाबांचं कोनमापक आणि आमचा संगणक यांत हातभराचाही फरक निघाला नाही. नव्वद घरांत भरायला जे ऊन मी गोळा केलं होतं, ते या बारा घरांतून उचललेलं होतं. ऊन काही कारखान्यात बनत नाही, हे मला इतक्या वर्षांत कुणीतरी सांगायला हवं होतं. बाबांनी सांगितलं होतं.

सरांना दाखवलं. सर म्हणाले, "नियमात बसतंय ना?" म्हटलं, बसतंय. नियमात दोन इमारतींमधलं अंतर आहे, ऊन नाही. "मग झालं तर. बदल करायचा तर बिल्डरला पटवा." बिल्डरला पटवायला मी सूर्याच्या वाटेचे रंगीत तक्ते केले, महिन्यामहिन्याचे. त्याने ते शांतपणे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, शेजाऱ्यांचं ऊन आपल्या स्कोपमध्ये येतं का?" तक्ते परत करताना नीट गुंडाळून दिले. माणूस सभ्य होता.

बदल करायला जागा होती. इमारत लांब न ठेवता जाड आणि आटोपशीर केली तर दोन आराखडे बसत होते. एकात इमारत प्लॉटच्या मधोमध. मग आईबाबांच्या सोसायटीत जिन्याच्या पूर्वेकडच्यांना सकाळी तासभर ऊन मिळायचं, पश्चिमेकडच्यांना दुपारी तासभर. सगळ्यांना थोडं थोडं. दुसऱ्यात इमारत पश्चिमेला सरकवलेली आणि पूर्वेचा अर्धा भाग बागेसाठी मोकळा. मग पूर्वेकडच्या सहा घरांना दहा ते साडेबारा पूर्ण ऊन. पश्चिमेकडच्या सहांकडे ते दहाला येणार आणि सव्वादहाला जाणार.

आईची बोटं उघडायला दोन तास लागतात. पूर्वेकडच्या सहांत आई होती. मी दुसरा आराखडा उचलला. फार विचार केला, रात्ररात्र झोप लागली नाही, असं काही सांगू शकत नाही. पाच मिनिटं लागली असतील. आपला तो बाब्या.

आता तो बिल्डरच्या गळी कसा उतरवायचा? त्याचे वास्तुवाले दर गुरुवारी यायचे. मी सव्वीस वर्षांत अशा गृहस्थांशी 'नमस्कार' आणि 'चहा घेणार?' यापलीकडे बोलले नव्हते. त्या गुरुवारी त्यांच्यासमोर माझा मूळचा नकाशा पसरला आणि म्हटलं, "जरा बघता का? ईशान्येला एवढं वजन चालेल का हो?"

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघून म्हणाले, "कुणी काढलाय हा?"

"मीच."

"मॅडम, ईशान्य ही देवाची जागा. तिथे बावीस मजले?"

"मलाही तेच खटकत होतं."

"ईशान्य मोकळी हवी. पाणी ठेवा, तुळस ठेवा. उंच आणि जड काय ते नैऋत्येला."

"म्हणजे साधारण असं का?" म्हणून मी दुसरा आराखडा वर ठेवला. मधोमधचा पहिला आराखडा पिशवीतच होता. तो मी बाहेर काढला नाही. ते इतके खूष झाले की त्यांनी मला पेढा दिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण गाढव कोण होतं याबद्दल मला खात्री नाही. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर तक्ते रंगवले ती त्यांनी फोनवर दोन वाक्यांत उरकली. बिल्डरने पूर्वेची अर्धी जागा मोकळी सोडली, इमारत नैऋत्येला नेली आणि वर मला म्हणाला, "हे तुम्हाला आधी का नाही सुचलं?"

घरी सांगितलं की बदल झाला, गॅलरीतलं ऊन वाचलं. आईने विचारलं, "नक्की? की परत मार्चातलं?" म्हटलं, नक्की. बाबांनी कोनमापक काढलं, माझा नवा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तासभर खाली मान घालून बसले. मग मला गॅलरीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"पश्चिमेकडच्यांना पंधरा मिनिटं," ते म्हणाले.

"हो."

"मधोमध ठेवता आली नसती?"

"आली असती."

"मग?"

"आईला तासभरच मिळालं असतं."

बाबा रेलिंगला धरून गोडाऊनच्या पत्र्यांकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. लहानपणी परीक्षेत शेजारणीचं बघून लिहिलं म्हणून ज्यांनी मला स्वतः मुख्याध्यापकांकडे नेलं होतं ते हे बाबा. मी ओरडा खायला तयार होते. खरं सांगायचं तर मला तो हवा होता. ते म्हणाले, "पत्रावर बारा सह्या होत्या गं," आणि मग आतून आईने हाक मारली म्हणून आत गेले. त्या नकाशाची घडी घालून त्यांनी कपाटात कपड्यांखाली ठेवली. दुसरं पत्र लिहिलं नाही.

इमारत उभी राहायला दोन हिवाळे गेले. परवाच्या डिसेंबरात मी एका रविवारी सकाळी गेले, तर आई गॅलरीत उन्हात बसलेली, हात उशीवर. समोर बाग, बागेत तुळस, आणि तुळशीपलीकडे मोकळं आभाळ. जिन्याच्या त्या बाजूला मात्र इमारत अशी अंगावर आल्यासारखी उभी, की पश्चिमेच्या गॅलऱ्यांत दिवा लावावा लागेल. एका गॅलरीत ओले टॉवेल लटकत होते, कालचे असावेत. साडेअकराच्या सुमाराला आईने उजव्या हाताचा अंगठा हलवून पाहिला आणि मला म्हणाली, "कंगवा आण." मला इतकं बरं वाटलं की मी कंगवा आणायला पळत गेले. पन्नाशीची बाई, पळत.

पोस्टातले काका पेपर न्यायला आले. दाढी वाढलेली होती, स्वेटरवर मफलर. आरसा काढून ठेवलाय म्हणाले, अंधारात कापून घेतो. हल्ली खुर्ची घेऊन खाली फाटकाबाहेर बसतात, रस्त्याच्या कडेला, तिथे टेंपोंच्या मधून जरा ऊन येतं. हे सगळं त्यांनी तक्रार न करता सांगितलं. मग आमच्या गॅलरीत येऊन उभे राहिले, आईच्या खुर्चीमागे, दोन्ही हात उन्हात धरून. बागेकडे बघितलं, इमारतीकडे बघितलं.

"मास्तर, एक कळत नाही," ते बाबांना म्हणाले. "एवढी थोरली जागा मोकळी सोडली त्यांनी. मग इमारत नेमकी आमच्याच डोक्यावर का आणली हो? जरा मधे घेतली असती तर सगळ्यांनाच थोडं थोडं मिळालं असतं. आपण सह्या दिल्या होत्या ना?"

कंगवा आत ठेवायला निघालेली मी दारातच थांबले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईच्या हातांकडे पाहिलं. तिने केस पुढे घेतले होते आणि तीन पेड करत होती, हळूहळू, पण स्वतः.

"नाही, त्याचं असं आहे," बाबा म्हणाले. घसा साफ केला. "ईशान्य मोकळी ठेवावी लागते. शास्त्र आहे ते."

काकांनी उन्हातले हात मागे घेतले.

"असं होय," ते म्हणाले. "तुम्ही सांगताय म्हणजे असणारच." आणि पेपर काखेत मारून, जिना उतरून, खाली रस्त्यावर गेले.